वर्ड चाललं, पण त्याला ऐकूच येईना

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर सहाव्या जनरेशनचा, जुना, म्हणजे विंडोज ११च्या यादीत तो बसतच नाही, मग दिवाळीच्या साफसफाईत विंडोजच काढलं आणि त्याऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. नौपाड्यातल्या आमच्या घरी माळ्यावरचं भंगार निघालं नाही, हे मात्र निघालं.

पण माझं काम भाषांतराचं, क्लायंटला फाइल वर्डचीच लागते, ट्रॅक चेंजेससकट, म्हणजे केलेले बदल खुणांनी दिसतील अशी. त्यात उजवं मनगट वर्षभर दुखतंय, त्यामुळे इंग्रजी मजकूर मी बोलून टाइप करते. मग वाईन टाकलं, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर. वाईन काही अख्खं विंडोज चालवत नाही, प्रोग्रॅम विंडोजकडे जे मागतो ते लिनक्सकडून मिळवून देतं, म्हणून लॅपटॉपवर भार कमी आणि विंडोजचं लायसन्सही नको. माझं जुनं ऑफिस २०१० त्यात मस्त चाललं, फक्त मंगल फॉन्ट नव्हता म्हणून मराठी फाइल्सची पानं इकडची तिकडे सरकायची.

बोलून टाइप करायचं सॉफ्टवेअर मात्र अडलं. माइकच्या आवाजाची पट्टी हलायची, सरावाचा परिच्छेद वाचून व्हायचा, पण वर्डमध्ये कर्सर ठेवून बोललं की ढिम्म. ते सॉफ्टवेअर नुसतं ऐकत नाही ना, वर्डच्या आत हात घालून आधीचा शब्द बघतं, "ते खोड" म्हटलं की खोडतं, आणि हे सगळं विंडोजच्या आतल्या वाटांनी. त्या वाटा वाईनमध्ये हुबेहूब असतीलच असं नाही. वाईनचं काम १९९३ला सुरू झालं आणि १.० ही आवृत्ती यायला २००८ उजाडलं, आणि मी बाई एका शनिवारात सगळं जमवायला बसलेले!

शेवटी व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे लिनक्सच्या आत एक आभासी कॉम्प्युटर आणि त्यात अख्खं विंडोज. स्टेशनजवळच्या दुकानातून रॅम ८ची १६ जीबी करून घेतली, त्यातली ६ आतल्या विंडोजला दिली. तिथे अर्धा तास बोलत बसले, पट्टी हलेचना, "हॅलो, टेस्टिंग, वन टू थ्री", नवरा स्वयंपाकघरातून, "अगं कोणाशी भांडतेयस?" तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये इनपुटची टिकच नव्हती, ती मुळात बंदच असते. आउटपुट चालू, त्यामुळे आतून आवाज येतोय, माझा जात नाहीये, हे कळायलाच इतका वेळ गेला.

मग वाटलं वर्ड वाईनमध्येच राहू दे, आत बोलून मजकूर इकडे पेस्ट करू. दोन दिवसांत वैतागले, कारण एकदा मजकूर बाहेर आला की त्या सॉफ्टवेअरचा त्याच्याशी संबंध संपला, दुरुस्ती सगळी हातानेच, म्हणजे मनगट परत कामाला. वर्ड आणि कान एकाच घरात हवेत! म्हणून ऑफिसही आतच हलवलं. विंडोजचं लायसन्स लागलंच. आत विंडोज १०च आहे, सपोर्ट संपलेलं, म्हणून त्याचं नेट बंद ठेवते, फाइल शेअर्ड फोल्डरमधून जाते-येते.

मराठीसाठी यातलं काहीच लागत नाही, क्रोममध्ये गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग लिनक्सवर सरळ चालतं, फक्त विरामचिन्हं नंतर हाताने टाकते. इंग्रजीवाल्याला अजून ठाणं शिकवतेय. काल माजिवडा म्हटलं तर त्याने मॅजिक वॉटर लिहिलं, आणि ते तसंच क्लायंटला जाता जाता राहिलं.