तुम्ही विचारलंत म्हणून: छडीचं वचन आणि आमच्या घरातली लेकरं

रविवारी उपासना सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर कोणीतरी नवीन आई-बाप मला गाठतातच, कारण मी बरीच वर्षं संडे स्कूल घेते आणि मुलांना मारू नका म्हणत असते. प्रश्न ठरलेला, "ताई, पण पवित्र शास्त्रात तर लिहिलंय ना, जो आपली छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी होय, मग तुम्ही वचनाच्या वर गेलात का?" पायऱ्यांवर उभं राहून दोन मिनिटांत हे सांगून होत नाही, म्हणून आज नीट लिहितेय.

आमच्या घरी, नाशिकच्या शरणपूर रोडला, कपाटामागे निरगुडीचा फोक असायचा. पप्पा वाईट नव्हते, खरंच नव्हते, मारून झालं की शेजारी बसून प्रार्थना करायचे आणि त्यांच्या डोळ्यात पाणी असायचं. त्यांना कोणी वेगळं शिकवलंच नव्हतं, त्यांच्या बापानेही हेच वचन म्हणत हेच केलं होतं. पण त्या फोकाने मी काय शिकले तर लपवायला शिकले. फुटलेली बशी लपवली, कमी पडलेले मार्क लपवले, आणि नऊ वर्षांची असताना घरी येणारा एक ओळखीचा माणूस माझ्याशी जसं वागू नये तसं वागला तेव्हा तेही लपवलं. डोक्यात पहिलं वाक्य आलं ते "पप्पा मारतील". चूक त्याची होती हे मला तेव्हा कळलंच नाही, मला एवढंच माहीत होतं की काही वाईट झालं की मार बसतो आणि तो मलाच बसतो.

म्हणून मला हे दोन वेगळे विषय वाटतच नाहीत. मुलाला न मारणं आणि मुलाला सांभाळणं, एकच आहे ते. जे लेकरू माझ्या हाताला घाबरतं ते दुसऱ्या कोणाच्या हाताबद्दल मला कधीच सांगणार नाही.

आता वचनाचं. ते आहे बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकात, १३:२४. तिथल्या छडीसाठी हिब्रूत शब्द आहे शेवेट. आणि दाविदाचं स्तोत्र २३ आपल्या सगळ्यांना पाठ आहे, "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात", त्यातली आकडी म्हणजेही शेवेटच. दावीद स्वतः मेंढपाळ होता, त्याला धीर देणारी काठी पाठीवर बसणारी कशी असेल? मला हे पुस्तकातून नाही कळलं, सिन्नरच्या बाजूला मामाच्या शेतात कळलं. पीक निघालं की धनगर रानात मेंढ्या बसवतात, लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरीच बोलावतात त्यांना. तर त्या धनगरबाबांच्या हातातली आकडी मी दिवसभर बघत होते. तिने ते बाभळीची फांदी खाली ओढून कोकरांना पाला देत होते, चुकीकडे निघालेल्या मेंढीसमोर ती आडवी धरत होते, आणि कुत्रं जवळ आलं तेव्हा मात्र ती जोरात फिरली. कोकराच्या अंगावर ती मारलेली मी दिवसभरात एकदाही पाहिली नाही.

पण मी प्रामाणिक राहते, सगळं असं गोड करून सांगता येत नाही. नीतिसूत्रे २३:१३ मध्ये छडीने मारलं तर मुलगा मरणार नाही असं सरळ आहे आणि तिथे मारच आहे, धनगराची गोष्ट सांगून ते पुसलं जात नाही. मग मी विचारते की जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, २१ व्या अध्यायात, हट्टी, बंडखोर मुलाला गावाच्या वेशीवर नेऊन दगडमार करा असंही आहे, ते आपण कोणी पाळतो का? नाही पाळत, कारण आपण सगळं शास्त्र येशूकडे बघून वाचतो. आणि येशू मुलांशी कसा वागला ते लिहिलेलं आहे. मार्कच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात लोक बालकांना घेऊन आले, शिष्यांनी त्यांना दटावलं, तेव्हा येशू रागावला आणि तो शिष्यांवर रागावला. बालकांना त्याने कवेत घेतलं. प्रेषित पौलाने इफिसकरांना पत्रात "बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका" लिहिलं तेव्हा रोमी कायद्यात बापाची घरावर पूर्ण सत्ता होती, त्या काळात हुकूम मुलांना द्यायची रीत, पौल बापाला हात आवरायला सांगतोय! फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला लांबलांबून लोक येतात, एका बाळापुढे मेणबत्त्या लावतात, आणि परतताना पार्किंगमध्ये रडणाऱ्या पोराच्या थोबाडीत मारताना मी बघितलंय, तेव्हा फार तुटतं आत.

न मारणं म्हणजे मोकाट सोडणं नाही हो. आमच्याकडे मोबाईल रात्री नऊला बंद म्हणजे बंद, रडला तरी बंद, बहिणीवर हात उचलला तर खेळ तिथेच थांबतो. एकदा मीही मुलाला मारलंय, संध्याकाळी थकून आले होते आणि हात गेला. त्याच रात्री त्याची माफी मागितली, त्याच्यासमोर प्रार्थना केली, कारण मुलांनी आई-बापाचा पश्चात्ताप बघितलाच नसेल तर पश्चात्ताप या शब्दाचा अर्थ त्यांना कळणार कुठून.

आणि आता जे बोलायला जड जातं ते. काही वर्षांपूर्वी एका चर्चच्या मंडळीत एका लेकराने मला काहीतरी सांगितलं, मोठ्या माणसाबद्दल. मी वडीलधाऱ्यांकडे गेले तर उत्तर आलं, "मत्तय १८ बघा, भावाने अपराध केला तर एकांतात त्याच्याशी बोला, बाहेर गेलं तर मंडळीची बदनामी." एकांताचं वचन पंधरावं आहे. त्याच अध्यायात त्याच्या आधी सहावं वचन येतं, लहानातल्या एकाला जो अडखळवेल त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलं तर ते त्याच्या हिताचं. अध्याय वरून वाचायला घ्या म्हटलं, मधूनच नको.

आम्ही कळवलं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर असं काही झालंय हे कळलं किंवा होईल अशी शंका जरी आली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळकांवर आणि संडे स्कूलच्या टीचरवरसुद्धा, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लोकांना वाटतं लेकराला पोलीस स्टेशनला फरफटत नेतील. तर कायद्यात लिहिलंय की जबाब लेकराच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि वर्दीत नाही. काही सुचत नसेल तर मुलांच्या मदतीची हेल्पलाइन १०९८ फिरवा, रात्रीसुद्धा. क्षमेचं विचारतात, क्षमा करायची की नाही ते त्या लेकराचं आणि प्रभूचं, ते मोठं झाल्यावरचं, आपण समितीत बसून त्याच्या वतीने क्षमा देऊन टाकायची नाही.

आमच्या संडे स्कूलला आता वर्गात दोन मोठी माणसं असल्याशिवाय वर्ग भरत नाही, दार उघडं असतं. आणि "काकांना पापी दे बघू" हे मी बंद करायला लावलं, बऱ्याच आज्यांना राग आला, पण लेकराला नको असेल तर नको, मग पाहुणा कितीही जवळचा असो. नमस्कार करेल, पुरे.

पप्पांना मी ती नऊ वर्षांची असतानाची गोष्ट पंचेचाळीसाव्या वर्षी सांगितली. चहा तसाच राहिला. खूप वेळाने म्हणाले, "तेव्हा का नाही सांगितलंस गं?" मी म्हटलं, तुम्ही मारलं असतं. ते म्हणाले, "हो. मारलं असतं." मग माझा हात धरून बसून राहिले, प्रार्थना करायला तोंड उघडलं पण शब्द आले नाहीत, तर मीच केली.