दोन त्रिकोणी डोंगर आणि आपला अजिंक्यतारा : प्राथमिक वर्गांच्या चित्रकलेच्या तासासाठी काही उपक्रम

सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना "निसर्गचित्र काढा" असे सांगितले, तर बहुतेक कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, तिथूनच निघून रुंद होत येणारी नदी आणि काठावर एक झोपडी उमटते. वर्गाच्या खिडकीतून दिसणारा अजिंक्यतारा मात्र माथ्यावर सपाट आहे. सह्याद्रीचे डोंगर लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या आडव्या थरांचे बनलेले असल्यामुळे त्यांतील बहुतेकांना टोक नसते, पायऱ्या असतात. कठीण थराचा उभा कडा, त्याखाली ठिसूळ थराचा उतार आणि पुन्हा कडा. मूल हा डोंगर जन्मापासून पाहत आलेले असते, तरी कागदावर तो येत नाही आणि कोणी तरी फळ्यावर काढून दिलेला डोंगर येतो. प्राथमिक वर्गांना चित्रकला शिकवताना मला सर्वांत अधिक बेचैन करणारी गोष्ट हीच आहे, आणि खाली लिहिलेले उपक्रम मी निवडले आहेत ते मुलाची नजर फळ्यावरून काढून त्याच्या भोवतालाकडे वळवण्यासाठी.

हे लेखन विशेषतः पहिली ते पाचवीच्या वर्गशिक्षकांसाठी आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये कलेच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पटसंख्या शंभरच्या वर असेल तेथे. त्यामुळे लहान वर्गांत चित्रकला बहुधा तोच शिक्षक शिकवतो जो गणित आणि परिसर अभ्यासही शिकवतो. "मला स्वतःला चित्र काढता येत नाही, मी काय शिकवणार?" असे अनेक शिक्षक संकोचाने विचारतात. माझे प्रामाणिक मत असे आहे की लहान वर्गांत शिक्षकाचा हात चांगला असणे गरजेचे नाही. मुलाने काय पाहिले हे त्याला विचारता आले आणि त्याचे उत्तर धीराने ऐकता आले, तर तेवढे पुरेसे आहे.

डोंगराचा उपक्रम दोन जोडतासांचा आहे. पहिल्या तासाला कागद-पेन्सिल घ्यायचीच नाही. मुलांना मैदानावर उभे करावे, एक डोळा मिटून समोरच्या डोंगराच्या कडेवरून हवेत बोट फिरवायला लावावे आणि बोट कुठे सरळ गेले, कुठे एकदम खाली उतरले, कुठे अडखळले हे बोलून घ्यावे. साताऱ्यात अजिंक्यतारा आणि यवतेश्वर, पूर्वेकडच्या गावांना जरंडेश्वर, वाईकडच्या शाळांना पांडवगड किंवा वैराटगड. प्रत्येक गावाला स्वतःचा असा एक डोंगर मिळतोच. दुसऱ्या तासाला कात्री न वापरता, जुन्या वर्तमानपत्राचा कागद हाताने फाडून त्या डोंगराची आकृती करायची आणि खळीने चिकटवायची. फाडलेल्या कडेला जो खडबडीतपणा येतो तो कड्यांना शोभून दिसतो, शिवाय पेन्सिल हातात नसल्यामुळे पाठ झालेला त्रिकोण आपोआप मागे पडतो. चौथी-पाचवीच्या मुलांना पुढे एवढेच सांगावे की लांबची रांग फिकी दिसते, कारण आपल्या आणि तिच्या मध्ये धूळ आणि बाष्प असलेली पुष्कळ हवा असते. मग ती मुले गडद छपाईचा कागद पुढच्या डोंगराला आणि कोरा, फिकट कागद मागच्या डोंगराला ठरवून वापरू लागतात. पहिली-दुसरीच्या मुलांना मात्र हे सांगू नये. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये बालचित्रांच्या विकासाचे जे टप्पे मांडले, त्यांनुसार सुमारे सात ते नऊ वर्षांचे मूल कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ ओढून सगळे काही तिच्यावर उभे करते आणि घराच्या भिंतीतून आतली माणसेही दाखवते. ती चूक नसून त्या वयाची विचार करण्याची रीत आहे, म्हणून ती दुरुस्त करायला जाऊ नये.

याच उपक्रमाचा मोठा भाऊ म्हणजे दिवाळीचा किल्ला. आपल्याकडे दगड, माती आणि गोणपाट घेऊन मुले अंगणात किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि मावळे मांडतात. शिल्पकला, नगररचना आणि सामूहिक काम यांचे इतके समृद्ध शिक्षण मुले कोणी न शिकवता घेत असताना शाळेने त्याला सुट्टीतला खेळ म्हणून बाजूला ठेवावे, हे मला पटत नाही. सहामाही परीक्षेनंतरच्या दिवसांत शाळेच्या आवारातच एक किल्ला करावा, आणि तो कल्पनेतला न करता गावाजवळचा प्रत्यक्षातला करावा. शक्य असेल तर आधी मुलांना तिथे नेऊन दरवाजा कोणत्या बाजूला आहे, तटबंदी डोंगराच्या वळणाप्रमाणे कशी वळते, पाण्याची टाकी कुठे आहेत हे टिपून आणायला सांगावे. या कामात मुलांचे जे वाद होतात, ते शिक्षकाने लगेच मिटवू नयेत. बुरूज इकडे की तिकडे, हा वाद मुलांनी आपल्या टिपणांवरून सोडवणे हाच त्या उपक्रमाचा उत्तम भाग असतो.

रंगांसाठी सांगलीच्या हळदीपासून सुरुवात करावी असे मी सुचवीन. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्या भागातील मुलांना हळद शेतात, शिजवताना आणि बाजारात अशी सगळीकडे दिसते. पण ती रंगपेटी होऊ शकते हे त्यांना क्वचितच कोणी सांगितलेले असते. दोन चमचे हळद अर्धा वाटी पाण्यात कालवून जाडसर कागदावर कापसाच्या बोळ्याने फासावी आणि कागद सावलीत वाळवावा. मग खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून त्या पाण्याने, ब्रश नसेल तर काडीला कापूस गुंडाळून, मुलांना चित्र काढू द्यावे. रंगहीन पाण्याची रेघ पिवळ्या कागदावर टेकताच तांबूस होते आणि वर्गात एकदम कल्ला उसळतो. हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य सोडा किंवा चुना यांसारख्या आम्लारीच्या संपर्कात लालसर होते, म्हणून हे घडते. कुंकवाचा रंगही परंपरेने हळदीवर चुन्याची क्रिया करूनच मिळवला जात असे. लिंबाचा रस लावला की तो लाल भाग पुन्हा पिवळा होतो, त्यामुळे खोडरबरही हाताशी आहे. चुन्याने रंग अधिक गडद येतो हे खरे असले तरी चुना मुलांच्या हातात देऊ नये, तो डोळ्यांना फार धोकादायक आहे. हळदीचा रंग उन्हात लवकर विटतो, म्हणून ही चित्रे वहीत किंवा पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवावीत. गोकर्णाच्या निळ्या फुलांचे पाणी लिंबाने जांभळट आणि सोड्याने हिरवट होते, पारिजातकाच्या देठांतून केशरी उतरते, फाल्गुनात पळस असतो, आणि आटपाडी-जत भागात डाळिंबाची साल उकळून मातकट पिवळा मिळतो. फुले खाली पडलेलीच घ्यावीत. कासच्या पठारावर सहल नेणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे; तिथे पाहून यावे आणि रंग वर्गात आल्यावर लावावेत.

मातीकामासाठी शाडू विकत आणण्याची गरज नाही. जून महिन्यात शाळा सुरू होते आणि आषाढातला बेंदूर हा बैलांचा सण जवळ येतो, तेव्हा घरोघरी मातीचे बैल येतात. तीच संधी साधावी. नुसती काळी माती वाळताना फुटते, म्हणून गावातील कुंभारदादांना विनंती करून त्यांची मळलेली माती आणावी आणि जमल्यास त्यांनाच एका तासासाठी वर्गात बोलवावे. पाय अंगाला नुसते चिकटवले तर वाळल्यावर गळून पडतात. दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल लावला की जोड टिकतो. जाड गोळे आतून पोकळ करावेत, वाळवण सावलीतच करावी. भाजलेली नसलेली माती पुन्हा भिजवून वर्षभर वापरता येते, आणि ज्या शाळेला साहित्यासाठी मोजकाच निधी मिळतो तिला याचे मोल कळेल.

ठसेकामाबद्दल बहुतेकांना माहिती असते, त्यामुळे थोडक्यात लिहिते. भेंडी आडवी कापली की पाकळ्यांचा ठसा मिळतो, कांद्याचे पदर आणि केळीच्या देठाची जाळी सुंदर उठते, आणि झाडाच्या सालीवर किंवा पानाच्या शिरांवर पातळ कागद ठेवून मेणखडू आडवा घासला तर पहिलीच्या मुलालाही उत्तम नक्षी मिळते. जुन्या देवळांच्या कोरीवकामावर मात्र असे घासकाम करू नये, मेणाचे डाग दगडात बसतात.

साहित्य गावातच असते, मागावे लागते. छापखान्यात कागदाच्या कटिंगच्या पट्ट्या, झेरॉक्सच्या दुकानात एका बाजूने कोरे राहिलेले कागद, शिंप्याकडे चिंध्या, किराणा दुकानात पुठ्ठ्याचे खोके आणि घरोघरी जुन्या लग्नपत्रिका मिळतात. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ त्या दिवसापुरतीच करावी. जुने लोक ती टिकावी म्हणून मोरचूद घालत, पण ते विषारी असल्यामुळे मुलांच्या कामात अजिबात नको. मार्गदर्शनासाठी बालभारतीचे 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, आणि अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायच्या खेळण्यांची असंख्य चित्रे व कृती आहेत, त्यांतील पुष्कळ मराठीत आहेत. द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र बसत असतील, तर वर दिलेला कोणताही उपक्रम सर्वांना एकच द्यावा. लहान मुले फासतात, फाडतात आणि मोठी मुले रचना करतात, इतकी विभागणी आपोआप होते.

एक आग्रह मात्र मनापासून धरते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी माध्यमिक वर्गांत जरूर व्हावी, परंतु स्थिरचित्र आणि संकल्पचित्र यांची घोटाई तिसरीत आणू नये. तसेच चित्रांना क्रमांक देण्याऐवजी वर्गातील प्रत्येक मुलाचे चित्र, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर दोरी बांधून, चिमट्यांनी टांगावे.

सहलीसाठी औंध हे ठिकाण आपल्या जिल्ह्याचे भाग्य आहे असे मी मानते. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि त्यांनी यमाईच्या डोंगरावर उभारलेले श्री भवानी चित्रसंग्रहालय १९३८ पासून तिथे आहे; राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माता आणि मूल हे दगडी शिल्प एकाच छताखाली पाहायला मिळण्याची सोय खेड्यातील मुलांना आणखी कुठे आहे? मात्र मुलांना रांगेत पळवत सगळी दालने दाखवू नयेत. आधीच दोन-तीन कलाकृती निवडाव्यात, प्रत्येकीसमोर मुलांना जमिनीवर बसवावे, आणि "या चित्रात आत्ता काय चालले आहे?" व "तुला ते कशावरून वाटले?" एवढे दोनच प्रश्न विचारावेत. मूर यांच्या शिल्पासमोर मुले हमखास विचारतात की आईचे नाक-डोळे नीट का दिसत नाहीत. त्याचे उत्तर तिथे देऊ नये. शाळेत परतल्यावर बेंदराची उरलेली माती भिजवून प्रत्येकाला आपली आई आणि मूल करायला सांगावे, म्हणजे नाक-डोळे न कोरताही जवळीक कशी दाखवता येते हे मुले स्वतःच करून पाहतात. निघण्यापूर्वी संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा दिवस विचारून घ्यावा आणि डोंगर चढायचा असल्यामुळे सकाळी लवकर पोहोचावे.