पॅरिश रजिस्टर उतरवताना: दिसेल तेच लिहा

पॅरिश रजिस्टर म्हणजे स्थानिक चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही. ती संगणकावर उतरवणाऱ्या नव्या स्वयंसेवकाची पहिली चूक बहुधा एकच असते: तो मदत करायला जातो. रजिस्टरात 'स्मिथ' हे आडनाव वाय घालून लिहिलेलं असतं, हा आय घालून सुधारतो. तसं करू नका. स्पेलिंगांची जुळवाजुळव शोधयंत्रणा करते. फ्रीरेगसारख्या, अशा नोंदी मोफत शोधता येणाऱ्या संकेतस्थळावर उच्चारसाम्यावरून शोधायची सोय आहेच. तुम्ही सुधारलेलं मूळ रूप मात्र पुन्हा कुणाला दिसत नाही.

इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम १५३८ चा. १८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफनासाठी छापील रकान्यांची वही आली, पानाला आठ नोंदी. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. सोळाव्या-सतराव्या शतकातलं 'सेक्रेटरी' हे हस्ताक्षराचं वळण पहिल्याच दिवशी अंगावर घेतलं की माणूस काम सोडतो.

जुनं वळण वाचायला आधी ते रजिस्टर लिहिणाऱ्या कारकुनाची बाराखडी बनवा. महिन्यांची नावं, 'अमुकचा मुलगा' हे शब्द प्रत्येक पानावर येतात. त्यांतली अक्षरं ओळखून कागदावर उतरवून ठेवा आणि अडलेलं नाव त्यांच्याशी ताडून पाहा. या वळणातला सी आजच्या आरसारखा दिसतो, लांब एस एफसारखा. आय, एम, एन, यू या सगळ्या नुसत्या उभ्या रेघा, तेव्हा रेघा मोजा. नावाच्या सुरुवातीला दोन छोटे एफ दिसले तर तो मोठा एफ. १७३३ पूर्वीच्या लॅटिन नोंदीत 'जेकोबस' म्हणजे जेम्स, 'गुलिएल्मस' म्हणजे विल्यम.

तरीही अक्षर लागलं नाही तर अंदाज ठोकू नका. फ्रीरेगच्या पद्धतीत एका न लागणाऱ्या अक्षराला अंडरस्कोर, किती अक्षरं गेली तेच कळत नसेल तर तारा (*), आणि दोनपैकी एक असेल तर दोन्ही अक्षरं चौकटी कंसात. अशी नोंद शोधात सापडू शकते. ठाम चुकीचं लिहिलेलं नाव सापडत नाही.

खरा घोळ तारखांचा. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी सरकारी आणि चर्चचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. लग्न जून १७१९ चं आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७१९ चा दिसला, की लोक लगेच भुवया उंचावतात. पण तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२० चा, लग्नानंतर आठ महिन्यांनी आलेला. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चच्या नोंदी १७१९/२० अशा दुहेरी लिहितात. कारकून वर्षाचा मथळा नेमका कुठे बदलतो, हे मागची-पुढची पानं चाळून आधी ठरवा. काही जण १७५२ च्या बरेच आधी जानेवारीवर आलेले असतात.

याच्याच जोडीला आकड्यात लिहिलेले महिने. ९ आणि पुढे 'बर' म्हणजे नोव्हेंबर. सप्टेंबर नव्हे, तो ७. १० किंवा रोमन एक्स आणि 'बर' म्हणजे डिसेंबर. आणि ३ ते १३ सप्टेंबर १७५२ या तारखा इंग्लंडच्या पंचांगात नव्हत्याच. त्यांतली एखादी तुमच्या फाइलमध्ये आली, तर आधी स्वतःच्या वाचनावर शंका घ्या.

बिशपकडे दरवर्षी पाठवायच्या नकला १५९८ पासून आहेत. रजिस्टरचं पान उंदरांनी किंवा ओलीने खाल्लं असेल तर त्यांचा मोठा आधार होतो. मात्र दोन्हींतली माहिती एका ओळीत कालवू नका. नक्कल करणाराही चुकायचा, कधी नोंदच गाळायचा. स्रोत वेगळा तर ओळही वेगळी.

टंकून झालं की दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पडताळा. पान संपलं की पानावरच्या आणि फाइलमधल्या नोंदी मोजा. लागोपाठच्या दोन ओळी एकाच नावाने सुरू होत असतील तर त्यांतली एक हमखास निसटते. समासही सोडू नका. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि गरिबांना तो माफ होता. नावाशेजारचा एकटा पी ('पॉपर', म्हणजे गरीब) बहुतेक वेळा तेच सांगतो. तो शेऱ्याच्या रकान्यात गेला पाहिजे.