पगारपत्रकावरची सही खरी ठेवून : आमची वाटचाल

आमचा कारखाना शिलाईचा. शर्ट, ॲप्रन, हॉस्पिटलचे आणि कंपन्यांचे गणवेश. आमचे कटिंग करणारे मास्तर आणि मी, दोघांनी मिळून तो उभा केला. भांडवल माझं, कात्री त्यांची. मधली बरीच वर्षं चांगली गेली. ऑर्डरी आल्या, माल गेला, मशिनं वाढली, पगार वेळेवर झाले. मला लिहायचंय ते किमान वेतनाचे दर एकदम चढले त्या वर्षाबद्दल. त्या वर्षी आम्ही बंद पडता पडता राहिलो, आणि अजूनही धंद्यातली माणसं भेटली की म्हणतात, दरवाढीनं तुम्हाला खाल्लं होतं. दरवाढीनं आम्हाला खाल्लं नाही. आमच्या मुळावर उठला होता तो वाढीव दर न देणारा माणूस, आणि हे एकदा नीट सांगायला हवं.

आधी हिशेब. जॉबवर्क केलेल्यांना तो तोंडपाठ असेल. कापड व्यापाऱ्याचं, बटणं-लेबलं त्याची. आपण कटिंग, शिलाई, काज-बटण, धागा कटिंग, प्रेस आणि पॅकिंग करून द्यायचं. म्हणजे आपल्या दरात मजुरीच मुख्य. आमच्याकडे तेव्हा पीसच्या दरातले ६० टक्के मजुरीत जात. मजुरी २० टक्के वाढली की पीसमागे खर्च १२ टक्के वाढतो, आणि आमच्या हातात नफा उरायचा सात-आठ टक्के. दर वाढवून मिळाला नाही तर पहिल्याच महिन्यापासून तोटा. पण तोच शर्ट दुकानात लागतो तेव्हा त्याच्या किमतीत कापड, वाहतूक, दुकानाचं भाडं, ब्रँडचा नफा, जाहिरात असं सगळं बसलेलं असतं. त्यात आमच्या शिलाईचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आमची सगळी वाढ जशीच्या तशी पुढं गेली असती तरी गिऱ्हाइकाला शर्ट सव्वा टक्क्यानं महाग पडला असता. हा सव्वा टक्का कोणी सोसायचा, भांडण एवढंच होतं.

गोष्ट पोटावर आलेली, म्हणून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. हंगेरीत २००१ आणि २००२ मध्ये किमान वेतन लागोपाठ दोनदा चढवलं. महिना २५,५०० फोरिंटवरून आधी ४०,००० आणि मग ५०,०००. पुढं तिथल्या कंपन्यांच्या आकड्यांवरून अभ्यास झाला. वाढलेल्या खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग किमती वाढून गिऱ्हाइकांनी भरला आणि एक चतुर्थांश मालकांच्या नफ्यातून गेला, असं त्यात निघालं. नोकऱ्या गेल्या, पण थोड्या. जास्त झळ बसली ती ज्यांना आपला दर वाढवता येत नव्हता अशा कंपन्यांना, म्हणजे निर्यात करणाऱ्यांना आणि बाहेरच्या मालाशी टक्कर असणाऱ्यांना. वाचताना मला आमचंच पगारपत्रक दिसत होतं.

कारण आम्हालाही दर वाढवता आला नाही. आमच्या निम्म्याहून जास्त कामाचा धनी एकच व्यापारी होता. नव्या दराची सरकारी अधिसूचना निघाल्यावर मी हिशेबाचा कागद घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं कागद पाहिलाही नाही. जुन्याच दरात, वर उधारी वाढवून, दुसरा एक जण माल द्यायला तयार आहे, म्हणाला. तो दुसरा कोण हे मला विचारावं लागलं नाही. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचं युनिट होतं, आणि सुरुवातीला तो आमच्याकडूनच धागा कटिंग आणि प्रेसचं काम नेत असे.

त्याला ते परवडत कसं होतं? त्याच्याकडच्या ऑपरेटर मुली पुढं आमच्याकडे काम मागायला आल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं. पगारपत्रकावर नवा दर, त्यासमोर कामगाराची सही, पगार पूर्ण. दुसऱ्या दिवशी ठेकेदार येऊन फरकाचे पैसे रोखीत परत घ्यायचा. महिनाभर कामावर आलेल्या बाईची हजेरी कागदावर अठरा-वीस दिवसांची. ओव्हरटाइम कागदावर नाहीच. जी बोलेल तिला उद्यापासून मशीन नाही. म्हणजे नवा दर त्यानं कधी दिलाच नाही, आणि त्या न दिलेल्या पैशांतून त्यानं माझी ऑर्डर विकत घेतली. मी कायदा पाळला याची किंमत मी भरली आणि त्याचा फायदा तो घेऊन गेला. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही राग येतो, आणि तो येणं मला योग्यच वाटतं.

ही तक्रार माझ्या एकट्याची नाही आणि नवीही नाही. ब्रिटनमध्ये १९०९ साली ज्या पहिल्या चार धंद्यांना किमान मजुरीचे दर लावले त्यात तयार कपड्यांची शिलाई होती. खोकी बनवणं, लेसचं फिनिशिंग आणि साखळ्या घडवणं हे बाकीचे तीन. ते विधेयक मांडताना विन्स्टन चर्चिल यांनी संसदेत सांगितलं होतं की अशा धंद्यांत चांगल्या मालकाला वाईट मालक दर पाडून हरवतो आणि वाईटाला त्याहून वाईट. त्याच्याही आधी, १८९६ साली, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात मजुरी ठरवणारी मंडळं नेमली तेव्हाही शिलाईचा धंदा त्यात होताच. किमान वेतन जन्माला आलं तेच मुळी आमच्या धंद्यातल्या या खेळामुळे. सगळ्यांच्या पायाखाली एकच फरशी असली तर स्पर्धा कामाची होते, कुणाच्या पोटाला किती चिमटा काढता येतो याची होत नाही. पण एकाच्या पायाखाली फरशी आणि दुसऱ्याच्या पायाखाली खड्डा असला, तर जो खड्ड्यात उतरायला तयार आहे तो जिंकतो.

व्यापारी गेला आणि शिलाई मशिनांच्या चार रांगांपैकी, म्हणजे लाइनींपैकी, दोन थंड पडल्या. बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची उचल, वापरून संपली. सुतवाला आणि बटणवाला, दोघांनी रोखीशिवाय माल देणं बंद केलं. मशिनांवर कापडं झाकून ठेवली होती, आणि दलाल येऊन झाकणं उचलून मशिनांची मॉडेलं पाहून जायचे. घरात, बाहेर, सगळीकडून एकच सल्ला: तूही कागदावर दाखव आणि रोखीत परत घे, सगळे तेच करतात. मी ते केलं नाही. मास्तरांनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साहेब, ज्या दिवशी खोटी सही घ्याल त्या दिवशी माझी कात्री मी घरी नेणार."

त्या कात्रीबद्दल सांगायला हवं. बारा इंची, जड, काळ्या मुठीची. मुठीच्या आत अंगठा बसतो तिथला रंग घासून खालचं लोखंड चकाकत होतं. धार लावायला ते ती कुणाकडे देत नसत. रविवारी स्वतः दगडावर बसत. कापडाच्या थरांचं कटिंग आम्ही स्ट्रेट नाइफ या उभ्या पात्याच्या मशिनवर करायचो, पण कॉलरचा आणि कफचा पहिला नमुना कायम त्याच कात्रीनं निघायचा. नवा पोरगा जवळ गेला की मास्तर कात्री उलटी करून बाजूला ठेवायचे, बोलायचे काही नाही.

याच माणसानं त्या पडत्या काळात हातात स्टॉपवॉच घेतलं. सकाळपासून लाइनीच्या कडेनं उभं राहायचं आणि प्रत्येक ऑपरेशनला किती सेकंद लागतात ते लिहायचं. कॉलर रन, कॉलर टॉप, कॉलर बसवणं, बाही, साइड, कफ, बॉटम. निघालं असं की मशीन चालू असण्याच्या वेळेइतकाच वेळ कापलेल्या तुकड्यांचं बंडल उचलण्यात, सोडण्यात आणि धागा कापण्यात जातो. आम्ही थंड पडलेली जुनी मशिनं विकून त्या पैशांत आपोआप धागा तोडणारी थोडी मशिनं घेतली. टेबलांची मांडणी बदलली, बंडल डाव्या हाताला येईल अशी. माणशी पीस वाढले.

यात धागा कापणाऱ्या हेल्परांचं काम कमी झालं, हे मी लपवणार नाही. आम्ही कुणाला काढलं नाही. पण जे गेले त्यांच्या जागी नवे घेतले नाहीत, आणि चार-पाच मुलींना शिकवून मशिनवर बसवलं. मजुरी महाग झाली की मालक मशिनाकडे बघतो, हे खरंच आहे. मजुरी वाढवल्यानं काही म्हणजे काहीच जात नाही असं म्हणणाऱ्यांनी कारखान्यात एक महिना काढावा.

आम्हाला तारलं ते हॉस्पिटलचे गणवेश घेणाऱ्या एका बाईंनी. काम मोठं नव्हतं, पण सुरुवातीपासूनचं होतं. त्यांच्यासाठी आम्ही कापडासकट माल द्यायचो. मास्तरांनी त्यांच्या ऑर्डरीचा मार्कर, म्हणजे कापडावर तुकडे कसे बसवायचे तो आराखडा, नव्यानं बसवला. छोटे आणि मोठे साइझ एकाच ले मध्ये, म्हणजे कापडाच्या एकाच थरांच्या ढिगात, घेतले, खिसे आणि पट्ट्या बाह्यांच्या मधल्या पोकळीत टाकल्या, आणि पीसमागे कापड वाचलं. तो मार्कर आणि मजुरीचा हिशेब असे दोन्ही कागद मी बाईंसमोर ठेवले. त्यांनी दोन्ही पाहिले, स्वतः आकडेमोड केली, कापडाच्या बचतीतून वाढीतला बराचसा भाग निघतो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि उरलेली वाढ त्यांनी लेखी मान्य केली. पुढच्या ऑर्डरीची उचलही दिली. म्हणाल्या, "तुम्ही दर पाडून माल द्याल आणि वर्षभरात बंद पडाल. मग मी नवा शिवणारा शोधत फिरू का?" त्यांच्याच ओळखीतून आणखी दोन हॉस्पिटलांचं काम आलं. त्या पैशांवर आम्ही सीसी खाली आणली.

आणि मग एक गोष्ट घडली जी हिशेबाच्या कागदावर आधी नव्हती. माणसं टिकू लागली. पूर्वी ऑपरेटर तयार व्हायला तीन महिने जायचे आणि हात बसला की ती दुसरीकडे जायची. खोटी सही घेणाऱ्यांकडून मुली आमच्याकडे येऊ लागल्या. गळती कमी झाली तसा अल्टरचा, म्हणजे दुरुस्त कराव्या लागणाऱ्या पीसचा, ढीगही खाली आला, कारण अल्टर नव्या हाताचाच जास्त असतो. वाढीव मजुरीतला किती भाग यातून परत आला हे सांगणं कठीण, पण परत आला.

मजुरी वाढली की नोकऱ्या घटतात, हे पुस्तकातलं साधं गणित. ते नेहमी का लागू पडत नाही याचं एक उत्तर जोन रॉबिन्सन या बाईंनी १९३३ सालीच मांडून ठेवलं होतं. जिथं काम देणारे मोजके आणि कामगाराला लांब जाता येत नाही, तिथं मजुरी बाजार ठरवत नाही, मालक ठरवतो, आणि ती कामाच्या मोलापेक्षा कमी ठेवतो. तिथं दर वर ढकलला तर माणसं उलट टिकतात, नवी येतातही. घर आणि मुलं सांभाळून चालत येता येईल एवढ्याच अंतरावर काम करू शकणाऱ्या बायका आमच्या लाइनीवर बसतात. मला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यानं एप्रिल १९९२ मध्ये ताशी दर ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केला, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली मिळून ४१० फास्ट फूडची ठिकाणं तपासली. नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही. त्यावर दुसऱ्या अर्थतज्ज्ञांनी वेगळी आकडेवारी आणून हरकत घेतली, वाद बराच चालला. कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळालं.

पण दर कितीही चढवा, काही होत नाही, असं मी म्हणणार नाही. १९३८ साली अमेरिकेनं ताशी २५ सेंटचा दर पोर्तो रिकोलाही लावला. तिथली मजुरी त्याच्या कितीतरी खाली होती, आणि तिथल्या भरतकाम-शिलाईच्या धंद्यातलं काम झपाट्यानं गेलं. १९४० मध्ये कायदा दुरुस्त करून तिथं वेगळे दर ठरवायची सोय करावी लागली. धंदा आमचाच, आणि निकाल उलटा. जर्मनीत १ जानेवारी २०१५ पासून ताशी ८.५० युरोचा दर आला. लाखो नोकऱ्या जातील अशी भाकितं होती, ती खरी ठरली नाहीत. कमी पगाराची माणसं जास्त पगार देणाऱ्या, जास्त चांगल्या चालणाऱ्या कंपन्यांकडे सरकली. मात्र जिथं दराचा भार जास्त होता तिथं अगदी लहान धंद्यांची संख्या कमी झाली. ते वाक्य मी दोनदा वाचलं, कारण त्या लहान धंद्यांत आम्हीही असू शकलो असतो. कामगाराला दुसरीकडे बरी नोकरी मिळाली याचा आनंद आहे, पण दार बंद करणाऱ्याचीही कुठं तरी नोंद व्हावी.

अधिसूचनेत न लिहिलेला एक खर्च नव्या कारखानदारांनी लक्षात ठेवावा. हेल्परचा दर वर आला की जुन्या ऑपरेटरचा आणि त्याचा पगार जवळजवळ एक होतो. पंधरा वर्षं कॉलर बसवणारी बाई आणि कालचा पोरगा यांच्यात फरक उरला नाही तर ती बाई बोलत नाही, पण तिचा हात मंदावतो. खालची पायरी वर गेली की वरच्याही उचलाव्या लागतात. हिशेब करताना तो पैसा आधीच धरा. दुसरं, कुठल्याही व्यापाऱ्याशी वर्षभराचा दर ठरवताना सरकारी मजुरी वाढली तर दर किती वाढेल हे त्याच कागदावर लिहून घ्या. नंतर मागायला गेलात तर कागद कुणी पाहत नाही. तिसरं, निम्म्याहून जास्त काम एकाच धन्याचं ठेवू नका. आणि सरकारला सांगणं असं की दर थोडा थोडा, आधी सांगून वाढवा, आणि तपासणीला येणाऱ्यानं पगारपत्रकावरची सही पाहून न थांबता लाइनीवर बसलेल्या बाईला, मालक आणि ठेकेदार समोर नसताना, विचारावं की हातात किती आले.

तो शेजारी अजून धंद्यात आहे. त्याच्यावर कधी काही कारवाई झाल्याचं माझ्या कानावर नाही. व्यापारी मात्र दोन हंगाम तिथं काढून पुन्हा आमच्या दारात आला. माल परत येत होता, कॉलर बसत नव्हता. मी त्याला नव्या पद्धतीचं दरपत्रक दिलं. त्यात मजुरी वेगळ्या ओळीत लिहिलेली असते आणि सरकारी दर बदलला की ती ओळ आपोआप बदलते. यावर घासाघीस नाही, हे त्याला आधीच सांगितलं. त्यानं निम्मं काम आमच्याकडे दिलं, निम्मं अजून तिकडेच आहे. मास्तर आता रोज येत नाहीत, पण त्या पहिल्या लॉटचा कॉलरचा नमुना त्यांनीच काढून दिला.