चार पाकळ्यांचा रानजवस

कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावर सप्टेंबरअखेरीस पाऊस उघडला, की जांभ्याच्या खळग्यातली दोन-तीन बोटं माती आठवडाभरात कडक होते. अशाच एका खळग्याच्या काठावर रानजवस, लायनम मायसुरेन्स, चार सेंटिमीटरवरच अडून फुलला होता. पलीकडच्या गवतात तोच वीतभर. बुटक्याच्या टोकाला एकच पिवळं फूल, पाकळ्या चार. एरवी पाच असतात.

सोबतच्या सहकाऱ्याने "नवी प्रजात!" म्हणत फोटो काढला. ही घाई मला पटत नाही. जवसाच्या कुळात फोटोतल्या पाकळ्यांवर भरवसा ठेवूच नये. सकाळी उमललेल्या पाकळ्या दुपारपर्यंत गळतात, फूल डबीत ठेवतानाही एखादी पडते.

आधी ठरवायचं, पाकळी गळली की आलीच नाही. निदलं, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी दलं, बोंडाखालीही टिकतात. निदलं पाच आणि पाकळ्या चार, म्हणजे एक गळली. इथे दहापटीच्या भिंगाखाली निदलं चार, पुंकेसर चार, अंडाशयावरचे दांडे, म्हणजे कुक्षीवृंतही चार. अख्खा आराखडाच एकाने कमी!

पक्की साक्ष अंडाशयाची. एरवी पाच कप्पे, प्रत्येकात आडपडदा येऊन दहा घरं, घरागणिक एक बी. कोवळं बोंड अर्ध्या ब्लेडने मधोमध आडवं कापायचं. वाळलेलं पडद्यांवरच उकलतं आणि मोजणी चुकते. मोजायची घरं, बिया नव्हे, कारण उपाशी रोपात काही बिया भरतच नाहीत. शेजारच्या बुटक्यावर दोन कोवळी बोंडं होती. टोकाच्या, आधी धरलेल्या बोंडात दहा घरं. बाजूच्या फांदीवरच्यात आठ.

एकाच रोपावर दोन्ही, म्हणजे नवी प्रजात हा मुद्दा माझ्यापुरता मिटला. पण पहिल्या रोपाचं टोकाचं, एकुलतं फूलच चाराचं होतं, ते अजून डोक्यातून जात नाही. याच कुळातली युरोपातली इवलीशी रॅडिओला कायमच चारांत फुलते.

फूल 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलंय. खळग्यातली पिकलेली बोंडं निदलं मोजून दोन पाकिटांत वेगळी केली, चार निदलांची पहिल्यात, पाचाची दुसऱ्यात; निम्मी जागेवरच सोडली. जूनमध्ये दोन्हींतल्या बिया पठारावरच्याच मातीत पेरायच्या: काही 15 सेंटिमीटर खोल कुंडीत, काही 3 सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये. पहिल्या पाकिटातली रोपं खोल मातीतही चारांतच फुलली, तर सहकाऱ्याशी पुन्हा बोलावं लागेल.