दुसरी किल्ली कुठाय?

जुलै महिना, जांबोटीकडं काकांच्या शेतात रोपलावण चालू. बेळगावातनं सकाळी गाडी मारत गेलो, रस्त्याकडंला लावली आणि सवयीनं हँडल लॉक केलं, तिथं चोर कुठला यायला, पण हात ऐकत नाही. किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात. दिवसभर वाकून लावण केली आणि संध्याकाळी पावसाची खोळ काढून बघतोय तर खिसा रिकामा. गुडघाभर चिखल, वरनं पाऊस, आणि जिथं जिथं वाकलो तिथं पडलेली असणार म्हणजे सगळं शेतच की. पोरांनी थोडा वेळ चाचपलं, मग काकाच म्हणाले, "सोडा रे, लावलेलं रोप तुडवू नका. गाडी उगवतीय काय बघूया."

घरी फोन लावला. बायको म्हणती, "दुसरी कुठं ठेवलाय हो?" म्हटलं कपाटात, आरसीच्या पिशवीत. नाही. मग लॉकरमधे बघ. लॉकरची किल्ली कुठाय? असं करत पाऊण तास. शेवटी देवघराच्या ड्रॉवरमधे सापडली, शोरूमच्या पाकिटात, सहा वर्षांत एकदापण बाहेर न काढलेली. तोवर शेवटची बस गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं बसस्टँडवर कंडक्टरला मोडक्या कन्नडमधे समजावून पाकीट दिलं तेव्हा मी सुटलो.

आता गंमत बघा, नव्या गाडीला किल्ल्या दोन मिळतात आणि आमचा एक मित्र दोन्ही एकाच रिंगला अडकवून फिरतो. दुसरा त्याहून हुशार, त्यानं स्पेअर सीटखाली ठेवलीय. सीट उघडायची कशी, तर त्याच किल्लीनं.

मी त्याच आठवड्यात बाजारातल्या किल्लीवाल्याकडं गेलो. रोजची किल्ली असती तर तिच्यावरनं करून घेतली असती, पण तो म्हातारा म्हणाला बरं झालं नवी आणलास, झिजलेल्या किल्लीवरनं केलं की झीजपण कॉपी होते, मग लॉकमधे अडकत बसते. दोन करून घेतल्या, पाच मिनिटांचं काम. माझी गाडी साधी म्हणून. ज्या किल्लीत चिप असते ती नुसती कापून चालत नाही, गाडीशी जुळवून घ्यावी लागते, तिथं शोरूम नाहीतर ते जुळवायचं मशीन असलेला किल्लीवाला गाठायला लागतो. आणि बऱ्याच गाड्यांच्या किल्लीसोबत नंबरची छोटी पट्टी येते, ती फेकू नका, फोटो काढून ठेवा, त्या नंबरावरनं किल्ली मागवता येते. नाहीतर कधीकधी अख्खा लॉकसेट बदलायची पाळी येते, स्विच, टाकीचं झाकण, सगळं.

ओरिजिनल मात्र परत ड्रॉवरमधे गेली. गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले दोन्ही ओरिजिनल किल्ल्या मागतात, माझी एक तर भातात आहे, त्यामुळं हरवल्याचं पोलिसांत लिहून देऊन पोच घेऊन ठेवली. फक्त आता ड्रॉवर कुठला ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

काकांच्या पेटीची किल्ली मी लहान असल्यापासून त्यांच्या करदोट्याला आहे, ती कधी हरवली नाही. मला ते जमणार नाही. एक डुप्लिकेट माझ्याजवळ आणि एक काकूकडं, दाराच्या खुंटीला विळ्याशेजारी. परवा मी तिकडं जेवून जरा आडवा झालो आणि चुलतभाऊ त्याच किल्लीनं माझी गाडी घेऊन खानापूरला जाऊन आला. पेट्रोलपण भरलं नाही.