खळ-गोंदाशिवाय

आषाढ, शनिवार

पावसामुळे मुलांना खाली खेळायला सोडता येत नाही, आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात रंगाची वाटी एकदा लवंडली की पाने मांडायलाही जागा उरत नाही. म्हणून हल्ली हस्तकलेचा कोणताही उद्योग काढताना तो किती सुंदर दिसेल यापेक्षा त्यातले काही वाळवावे लागेल का, हे मी आधी पाहते. मुंबईच्या दमट हवेत गोंद लवकर सुकत नाही, मैद्याच्या खळीला मुंग्या लागतात, आणि कणकेत मीठ घालून केलेल्या पणत्या, मीठ हवेतला ओलावा ओढून घेत असल्यामुळे, कडक झाल्यावरही पुन्हा चिकट होतात. (उन्हाळ्यात मात्र त्या उत्तम होतात.)

आज त्यामुळे विणकाम काढले. कॅलेंडरचे जूनचे पान मधोमध दुमडून घडीच्या बाजूने बोटभर अंतरावर काप दिले आणि मोकळ्या कडेला दोन बोटे कागद राखला, म्हणजे पान उलगडल्यावर चौकट अखंड राहते आणि आत ताणा, म्हणजे उभ्या पट्ट्या, तयार होतो. बाण्यासाठी, म्हणजे आडव्या पट्ट्यांसाठी, जुन्या लग्नपत्रिका कापल्या. वर्तमानपत्राची पट्टी मध्येच वाकते, पत्रिकेचा जाड कागद सरळ पुढे सरकतो. कात्रणे परातीतच पडतील अशी ताकीद होती आणि ती बहुतांशी पाळली गेली.

धाकटीने दुसरी पट्टीही पहिलीसारखीच वरून सुरू केली. दोन्ही पट्ट्या एकाच फटीत येऊन एकमेकींवर सरकू लागल्या, तेव्हा ती वैतागून म्हणाली, "आई, ही धरतच नाही!" मी उत्तर देण्याआधीच थोरला म्हणाला, "अगं, ही खालून घाल ना." तिने पट्टी ओढून काढली, खालून घातली, नखाने पहिलीला भिडवली आणि वीण घट्ट बसली. उरलेली टोके मागे दुमडून उभ्या पट्ट्यांत खोचली, एवढ्यावर काम संपले.

थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ साली राज्यात बंदी आल्यापासून आमचे मखर पुठ्ठ्याचेच असते. त्यामागे अशा विणलेल्या चौकटी लावता येतील, म्हणून गणपतीपर्यंत एकही पत्रिका रद्दीत द्यायची नाही असे ठरले. पत्रिकेवरच्या गणपतीच्या चित्राला मात्र कात्री लावायची नाही, ही सासूबाईंची अट आहे, आणि ती मलाही मान्य आहे.